एमएलबी टीव्हीचं वर्षाचं पॅकेज भुसावळात बसून घ्यावं का?

भाऊ, एमएलबी टीव्ही, म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे सामने नेटवर दाखवणारी सेवा, तिच्याबद्दलचा तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही भुसावळला रेल्वेत शिफ्ट ड्यूटी करता. २०२५ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमचे सामने तुकड्यातुकड्यांत पाहिले आणि त्यांच्या जपानी खेळाडूने, ओहतानीने, वेड लावलं. मुलगी नववीत आहे, शाळेकडून सॉफ्टबॉल खेळते आणि यंदा बेसबॉलच्या टीममध्येही तिचं नाव आलंय. एमएलबी टीव्हीचं वर्षाचं पॅकेज १५० डॉलरच्या आसपास दिसतंय. घरून विचारणा झाली की तेरा-चौदा हजार रुपये मॅच बघण्यात का घालायचे, आणि तुम्ही विचारताय की पैसे वसूल होतील का.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडा शिक्षक आहे. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही शिकवतो. हे पॅकेज कधी वर्षाचं, कधी महिन्याचं असं वापरत आलोय, स्वतःसाठीही आणि पोरांना दाखवायलाही. त्या अनुभवावरून सांगतो. उत्तर लांब आहे, कारण तुमच्या एका प्रश्नात दोन गिऱ्हाइकं आहेत. एक तुम्ही, ज्यांना डॉजर्स बघायचे आहेत. दुसरी तुमची मुलगी, जिला खेळ शिकायचाय. दोघांचा हिशोब एकत्र केला की पॅकेज स्वस्त वाटायला लागतं, म्हणून तो वेगळाच करू.

आधी तुमचं. इथे पैशांच्या आधी घड्याळ बघावं लागतं. आपण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या साडेनऊ तास पुढे आणि पश्चिम किनाऱ्याच्या साडेबारा तास पुढे. (हा उन्हाळ्यातला फरक. बेसबॉलचा हंगाम जवळपास सगळा त्यातच बसतो, त्यामुळे हेच आकडे डोक्यात ठेवा.) न्यूयॉर्कला यांकीजचा सामना संध्याकाळी ७:०५ ला सुरू झाला की आपल्याकडे पहाटेचे ४:३५. शिकागो किंवा ह्यूस्टनकडचा ७:१० चा सामना आपल्याकडे पहाटे ५:४० ला. आणि डॉजर्सचा लॉस एंजेलिसमधला ७:१० चा सामना आपल्याकडे सकाळी ७:४० ला. म्हणजे आवडती टीम कुठल्या किनाऱ्यावरची, यावर तुमची झोप ठरते. मला कोणी नवीन माणसाने विचारलं की कुठली टीम धरू, तर मी बेधडक पश्चिमेकडची सांगतो. डॉजर्स, पाड्रेस, जायंट्स, मरीनर्स, कुठलीही. टीमवर प्रेम नंतर बसतं, आधी डोळे उघडे राहायला हवेत.

तुम्ही डॉजर्स धरलेत, हे या दृष्टीने चांगलंच झालं. पण हंगामात प्रत्येक टीमचे १६२ सामने असतात आणि त्यातले ८१ बाहेरगावी. डॉजर्स न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या बाजूला गेले की तुमची मॅच पुन्हा पहाटे साडेचारला. घरच्या मैदानावरही रविवारी दुपारी सामना असला तर तो आपल्याकडे रात्री पावणेदोनच्या सुमाराला, सोमवार उजाडायच्या आधी. म्हणजे १६२ पैकी सोयीच्या वेळेला येणारे निम्मेही नाहीत.

आता तुमची पाळी. रात्रपाळी उतरून सकाळी घरी आलात, आंघोळ, चहा झाला आणि टीव्ही लावला की डॉजर्सच्या सामन्यातली नऊपैकी तिसरी-चौथी इनिंग चालू असते. ॲपमध्ये सामना पहिल्यापासूनही लावता येतो. साडेदहाला संपतो, मग झोपा. हे ज्याला जमतं त्याच्यासाठी पॅकेज सोन्यासारखं आहे. पण रात्रपाळी करणारे माझ्या ओळखीतले बहुतेक जण घरी आल्यावर पाचव्या इनिंगला सोफ्यावरच घोरत असतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. सकाळच्या पाळीत सामना सुरू व्हायच्या वेळेला तुम्ही कामावर असता. दुपारपाळीत मात्र सकाळ मोकळी मिळते. तेव्हा आपल्या रोस्टरमध्ये महिन्याला अशा सकाळी किती निघतात ते मोजा. तो आकडा माझ्याकडे नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय त्याच आकड्यावर आहे.

आजकाल सामना पूर्वीइतका लांबत नाही, ही एक जमेची बाजू. २०२३ पासून पिच क्लॉक आलं. पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, ठरलेल्या सेकंदांत बॉल टाकावाच लागतो. २०२१ मध्ये नऊ इनिंगचा सामना सरासरी तीन तास दहा मिनिटं चालायचा, तो आता दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आलाय. अर्थात ऑक्टोबरात काहीही होतं. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम लढतीचा, तिसरा सामना, डॉजर्स विरुद्ध टोरोंटो, १८ इनिंग आणि ६ तास ३९ मिनिटं चालला. आपल्याकडे पहाटे साडेपाचनंतर सुरू झालेला तो सामना फ्रेडी फ्रीमनच्या होम रनने (थेट कुंपणापार मारलेल्या फटक्याने) संपला तेव्हा दुपारचे सव्वाबारा होऊन गेले होते. तुम्ही तो तुकड्यांत पाहिलात म्हणता. माझ्या माहितीतल्या कोणीही तो सलग पाहिलेला नाही.

लाइव्ह जमत नसेल तर संध्याकाळी रेकॉर्डिंग बघता येतं. प्रत्येक पूर्ण सामना ॲपमध्ये नंतर राहतो आणि मला तरी हा पॅकेजचा सगळ्यात उपयोगी भाग वाटतो. फक्त सेटिंगमध्ये जाऊन स्कोअर लपवायचा पर्याय चालू करा आणि मोबाइलच्या नोटिफिकेशन बंद करा. आणि संध्याकाळपर्यंत यूट्यूब उघडू नका, कारण तिथे व्हिडिओच्या चित्रावरच कोण जिंकलं ते लिहिलेलं असतं. क्रिकेटचा निकाल आपल्याला चहाच्या टपरीवर कळतो. बेसबॉलचा निकाल भुसावळात सांगणारं कोणी भेटत नाही, हा आपला एक फायदा.

आता पैसे. २०२५ च्या हंगामात वर्षाचं पॅकेज १४९.९९ डॉलर आणि महिन्याचं २९.९९ डॉलर होतं. डॉलर तेव्हाच्या भावाने ८८ रुपयांचा धरा. १५० डॉलरचे १३,२०० झाले. त्यावर बँक परकीय चलनाचा आकार लावते, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. सगळं मिळून पावणेचौदा हजार. महिन्याचं त्याच हिशोबाने २,७५० च्या आसपास. म्हणजे वर्षाचं पॅकेज हे बरोबर पाच महिन्यांच्या पॅकेजइतकं पडतं. हंगाम मार्चच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत, सुमारे सात महिने. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघायला ताजे सामने नसतात. वांग्याच्या भरीताचे दिवस असतात ते, तेव्हा बेसबॉलची आठवणही येत नाही.

तर प्रश्न असा होतो की सात महिन्यांपैकी किमान पाच महिने तुम्ही खरोखर बघणार का? आठवड्याला दोन पूर्ण सामने धरले तर हंगामात साठेक होतात आणि एक सामना २३० रुपयांच्या आसपास पडतो. हे मला पटतं. पण महिन्याला एकच सामना झाला तर तोच सामना दोन हजारांना. आणि जून उजाडला, पेरण्या आल्या, शाळा सुरू झाल्या, कोणाची लग्नं राहिलेली, की महिन्याला एक हा आकडासुद्धा अवघड होतो. हंगाम पुढे सरकतो तशी उरलेल्या हंगामाची किंमत उतरते, हेही लक्षात ठेवा. मार्चमध्ये घाई करण्यात आपला काही फायदा नाही.

इंटरनेटवर या पॅकेजबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक अमेरिकेतल्या माणसांसाठी असतं. तिथे 'ब्लॅकआउट' नावाचं रडगाणं फार. स्थानिक टीमचे सामने स्थानिक चॅनेलने विकत घेतलेले असल्यामुळे लॉस एंजेलिसमधल्या माणसाला या पॅकेजवर डॉजर्सच दिसत नाहीत. ती तक्रार आपली नाही. व्हीपीएन (आपण दुसऱ्याच ठिकाणी आहोत असं दाखवणारं सॉफ्टवेअर) घ्या वगैरे सल्लेही त्याच भानगडीतून येतात, तुम्हाला त्याची गरज नाही. ऑक्टोबरचे बाद फेरीचे सामने अमेरिकेबाहेरच्या ग्राहकाला पॅकेजमध्ये मिळतात. तरी पैसे भरायच्या पानावर भारतासाठी त्या वर्षी काय लिहिलंय ती ओळ आणि एखादं भारतीय ॲप यंदा तेच दाखवतंय का, हे दोन्ही आधी बघून घ्या.

नेट आणि वीज यांचा खर्च लोक धरत नाहीत. एचडीमध्ये तासाला अडीच-तीन जीबी सहज जातात. रोज २ जीबीचा मोबाइल पॅक तिसऱ्या इनिंगला संपतो. घरी फायबर असेल तरच टीव्हीवर बघायचा विचार करा, आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. एप्रिल-मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकतो, गल्लीतले सगळे कूलर एका वेळी चालू होतात आणि डीपी उडते. नेमके तेव्हा बेस लोडेड असतात, म्हणजे तिन्ही बेसवर (धावताना टेकायच्या थांब्यांवर) रनर उभे असतात.

इथे एक स्वस्त गोष्ट सांगतो जिच्याकडे कोणी बघत नाही. फक्त ऑडिओचं वेगळं पॅकेज मिळतं. वर्षभराचं साधारण तेवढ्याच पैशांत, जेवढ्यात व्हिडिओचा एक महिना येतो. दोन्ही टीमच्या रेडिओची कॉमेंटरी ऐकता येते. डेटा नगण्य लागतो. मे महिन्यात गच्चीवर झोपायचं, पहाटे साडेचारला गार वारा सुटलेला असतो, कानात एकच इअरफोन, आणि डोळा लागला तरी काही बिघडत नाही. बेसबॉल हा रेडिओवर फार छान ऐकू येणारा खेळ आहे, कारण दोन बॉलच्या मध्ये सांगायला वेळ असतो. तुम्हाला इंग्रजी कॉमेंटरी झेपत असेल तर पहिले दोन-तीन महिने हेच करून बघा.

आता मुलीचं. इथे मी जरा जास्त बोलणार.

पहिली गोष्ट, ती मुख्यतः सॉफ्टबॉल खेळते आणि एमएलबीवर सॉफ्टबॉल नसतो. दिसायला सारखं दिसलं तरी फरक मोठे आहेत. बेसबॉलमध्ये पिचर ६० फूट ६ इंचांवरून खांद्यावरून फेकतो. महिला सॉफ्टबॉलमध्ये ४३ फुटांवरून खालून, हाताचं पूर्ण चक्र फिरवून. बेसमधलं अंतर तिकडे ९० फूट, इकडे ६०. त्यामुळे ती पिचर असेल तर एमएलबी बघून पिचिंगचं काहीच शिकणार नाही. आणि काही गोष्टी तर उलट शिकेल. बेसबॉलमध्ये रनर (बेसवर पोचलेला बॅटर) पिचच्या, म्हणजे बॉल टाकण्याच्या, आधीच बेस सोडून चार पावलं पुढे उभा राहतो. सॉफ्टबॉलमध्ये बॉल पिचरच्या हातातून सुटण्याआधी बेस सोडला की रनर आउट. मी सामना दाखवत असलो की नवीन मुलींमधली एखादी हमखास विचारते, "सर, तो बेस सोडीसन काबरं उभा शे?" विचारलं तर बरंच. न विचारता मैदानावर करून बघितलं की पंच आउट देतो आणि मग आईबाप म्हणतात पंच विकला गेला.

यंदा ती बेसबॉलही खेळणार आहे, म्हणून उपयोग आहेच. किती, ते ती कुठल्या जागेवर खेळते यावर. ते तुम्ही लिहिलेलं नाही. टीव्हीचा मुख्य कॅमेरा सेंटर फील्डच्या मागून लावलेला असतो. त्यात पिचरची पाठ, बॅटर, कॅचर आणि पंच एवढंच दिसतं. म्हणून कॅचर मुलीला (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारीला) पूर्ण सामना बघण्यासारखी दुसरी शाळा नाही. एकाच बॅटरला पहिल्या वेळी काय टाकलं, तिसऱ्या वेळी काय बदललं, खाली येणारा बॉल गुडघे टाकून छातीने कसा अडवला, रनर पळाला की उठून फेकायला किती पावलं घेतली, हे सगळं समोरून दिसतं. (बोटांच्या खुणा मात्र फारशा दिसणार नाहीत. २०२२ पासून कॅचर मनगटाजवळचं किंवा पॅडवरचं बटण दाबून पिचरच्या टोपीतल्या छोट्या स्पीकरवर सांगतो. आपल्याकडे बोटंच चालतात, तेव्हा ते मैदानावरच शिकावं लागेल.) बॅटरलाही या कॅमेऱ्याचा फायदा होतो, बॉल कुठे वळतो ते कळतं. पण आउटफिल्डर (मैदानाच्या टोकाकडे उभी राहणारी) असेल तर तिला ती जिथे उभी असते ती जागा सामन्यातला बहुतेक वेळ पडद्यावर दिसतच नाही. बॉल हवेत गेल्यावरच कॅमेरा तिकडे वळतो, तोवर आउटफिल्डरचं पहिलं पाऊल पडून गेलेलं असतं, आणि शिकायचं ते पहिलं पाऊलच असतं.

दुसरी गोष्ट हायलाइट्सची. मुलं आधीपासून मोबाइलवर रील्स बघतातच. त्यात होम रन आणि सूर मारून घेतलेले कॅच यांशिवाय काही नसतं. ते बघून आलेली मुलगी प्रत्येक बॉलला जीव खाऊन बॅट फिरवते आणि साध्या ग्राउंडरवर (जमिनीलगत येणाऱ्या बॉलवर) सूर मारते. जे शिकायचं असतं ते हायलाइट्समध्ये कापलेलं असतं. उदाहरण देतो. रनर पहिल्या बेसवर आहे, बॅटरने बॉल दोन आउटफिल्डरच्या मधून कुंपणापर्यंत मारला. अशा वेळी एमएलबीचा पिचर मान खाली घालून होम प्लेटच्या (बॅटर उभा असतो त्या जागेच्या) मागे धावत सुटतो, कारण फेकलेला बॉल कॅचरला चुकवून गेला तर मागे कोणीतरी लागतं. दहातल्या नऊ वेळा त्याच्याकडे बॉल येतच नाही, तरी तो धावतो. आपल्या शालेय सामन्यांत हाच बॉल गेला की पिचर मैदानाच्या मध्यभागी कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहते. ही धाव कुठल्याही हायलाइटमध्ये येत नाही. पूर्ण सामन्यात येते, तीही तुम्ही बॉल सोडून पिचरवर नजर ठेवली तरच.

म्हणून मी दाखवताना पूर्ण सामना कधीच दाखवत नाही. एक अर्धी इनिंग (एका टीमची बॅटिंग) घेतो, आवाज बंद करतो. प्रत्येक पिचच्या आधी थांबवतो आणि विचारतो की आउट किती, रनर कुठे, बॉल तुझ्याकडे आला तर फेकणार कुठे. उत्तर आलं की चालू करतो. मग तीच अर्धी इनिंग पुन्हा, या वेळी बॉलकडे न बघता फक्त एका खेळाडूकडे बघत. वीस-पंचवीस मिनिटांत संपतं आणि त्याहून जास्त वेळ दहावी-बारावीची मुलंसुद्धा लक्ष देऊ शकत नाहीत. असं बघायला दरवर्षी २,४३० सामन्यांचा साठा कशाला हवा? आठवड्याला एक सामना पुरून उरतो.

आणि तो फुकट मिळतो. एमएलबीच्या ॲपवर हंगामात साधारण रोज एक सामना 'फ्री गेम ऑफ द डे' म्हणून असतो, नुसतं खातं उघडावं लागतं. टीम तुमच्या आवडीची असेलच असं नाही, पण शिकायला टीम कुठलीही चालते. यूट्यूबवर एमएलबीच्या चॅनेलवर रोजच्या सामन्यांचे तुकडे आणि जुने पूर्ण सामने आहेत. 'फिल्म रूम' नावाचं त्यांचं एक पान आहे. तिथे खेळाडूचं नाव टाकून त्याचे ठरावीक प्रकारचे प्ले शोधता येतात, शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरने) केलेले डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आउट) ओळीने बघायचे असतील तर यासारखं साधन नाही. 'बेसबॉल सॅव्हंट'वर प्रत्येक पिचचा वेग आणि वळण मोफत बघता येतं. सॉफ्टबॉलसाठी जागतिक संघटना डब्ल्यूबीएससीचं यूट्यूब चॅनेल बघा. तिच्यासाठी तिथल्या जपान आणि अमेरिकेच्या महिला टीम डॉजर्सपेक्षा कामाच्या. टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यातही याच दोघी होत्या, जपान जिंकलं, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय.

मला काही पालक थेट विचारतात की पॅकेज घेतलं तर पोरगी नॅशनलला जाईल का. त्यांच्या डोक्यात दहावीचे सवलतीचे गुण असतात, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण असतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण पॅकेजने कोणी नॅशनलला जात नाही. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन पोरं (हा रिंकू सिंग क्रिकेटवाला नव्हे) २००८ मध्ये एका बॉल फेकण्याच्या स्पर्धेतून निवडली गेली आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. दोघंही भालाफेकीतून आलेले, बेसबॉल त्यांनी तोवर खेळलेला नव्हता. हात तयार होता, बाकीचं अमेरिकेत शिकवलं गेलं. तुमच्या मुलीचा हात मैदानावरच तयार होणार. तिच्याकडे स्वतःचं, हाताला नीट बसणारं लेदरचं ग्लोव्ह आहे का? शाळेच्या पेटीतलं, सगळ्यांच्या घामाने कडक झालेलं वापरत असेल तर आधी ते घ्या. दोन-अडीच हजारांत बरं मिळतं. त्यातून बॉल निसटायचा थांबला की खेळात जो फरक दिसतो तो मी दरवर्षी बघतो.

ओहतानीबद्दल एक गंमत. सगळं जग त्याचं कौतुक करतं की हा पिचिंगही करतो आणि बॅटिंगही. आमच्या मुलींना त्याचं काही विशेष वाटत नाही. शालेय टीममध्ये जी चांगली पिचर तीच चौथ्या नंबरची बॅटर आणि गरज पडली तर कॅचरही.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? वर्षाचं घेतलं नसतं, निदान पहिल्या वर्षी नाही. एप्रिलमध्ये दोन आठवडे फुकटचे सामने लावले असते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली असती की कितव्या दिवशी पाचव्या इनिंगच्या पुढे बसलो. पाचव्या इनिंगपर्यंत कोणीही बसतं. मग मे महिन्याचं एक महिन्याचं पॅकेज. मुलीला सुट्टी असते, मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेची धावपळ संपलेली असते, आणि ७:४० चा डॉजर्सचा सामना दोघं मिळून बघू शकता. ऊन चढल्यावर नाहीतरी बाहेर पडता येत नाही. जून ते सप्टेंबर फुकटच्या गोष्टींवर आणि हवं तर ऑडिओवर काढा, तेव्हा तिच्या शालेय स्पर्धा सुरू होतात आणि वेळही नसतो. मग पुन्हा ऑक्टोबर. बाद फेरी सप्टेंबरच्या शेवटाला किंवा १ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते आणि वर्ल्ड सिरीज लांबली तर १ नोव्हेंबरपर्यंत जाते, २०२५ ला तशीच गेली. म्हणजे एका महिन्यात ती नेमकी बसत नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस सोडून ३-४ ऑक्टोबरला पैसे भरलेत तर शेवट हातात राहतो. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात पडली तर मुलगीही घरी असेल. दोन महिने मिळून साडेपाच हजार, वर ग्लोव्ह धरलं तरी आठ. या दोन महिन्यांत तुम्ही आठवड्याला तीन-चार सामने सहज बघितलेत असं दिसलं, तर पुढच्या वर्षी वर्षाचं घ्या, बिनधास्त. रोस्टरमध्ये दुपारपाळ्या जास्त असतील तर तसं होण्याची शक्यता बरीच आहे. शेजारच्या दोघा-तिघांना खेळ आवडत असेल तर त्यांना घरी बोलावून एका टीव्हीवर बघा. पासवर्ड चार घरांत फिरवू नका, ते नियमांत बसत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हुरहुर लागली तर दुबईत 'बेसबॉल युनायटेड' नावाची लीग सुरू झालीय, तिचा पहिला हंगाम २०२५ च्या शेवटी झाला. त्यात मुंबई कोब्रास नावाची टीमही आहे. दर्जा एमएलबीचा नाही, पण दुबई आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, त्यामुळे झोप मोडत नाही.

शेवटी पैसे भरण्याचं, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात. २०२० पासून नवीन कार्डावर ते मुळात बंदच येतात. साधं रुपे डेबिट कार्ड परदेशी साइटवर बहुतेक वेळा चालत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागेल. ते नसेल तर अँड्रॉइड फोनवर ॲपमधून घेता येतं का बघा, प्ले स्टोअरवर यूपीआय चालतं. पॅकेज आपोआप पुढे चालू राहणारं असतं, म्हणून घेतलं त्याच दिवशी खात्यात जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद करा. बंद केलं तरी भरलेले दिवस पूर्ण मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांमुळे परदेशी साइटची अशी आपोआप वसुली भारतीय कार्डावर बरेचदा अडते, पण त्या भरवशावर राहू नका. आणि व्यवहार झाला की आंतरराष्ट्रीय बटण पुन्हा बंद. मुलगी कुठल्या जागेवर खेळते ते कळवा, त्यानुसार मे महिन्यात काय-काय दाखवायचं ते सांगतो.